आगोटीचा हिशेब

वसईत वाणसामानाचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, होळी पेटली की सुरू होतं. होळीनंतर ऊन चढतं, वाडीतली कामं जरा हलकी होतात, भात झोडून घरात आलेलं असतं आणि दर्या अजून शांत असतो. या दोन-अडीच महिन्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचं सामान घरात भरून टाकायचं, मृग लागायच्या आत. हीच आमच्याकडची आगोट. तांदूळ, वाल, मूग, मीठ, चिंच, कांदे, मसाला, सुकी मासळी, लाकडं, गोवऱ्या. घरागणिक यादीत दोन जिन्नस इकडेतिकडे व्हायचे, पण मृगाची मुदत कुणाला चुकायची नाही.

मी आगाशीकडची, वाडवळाच्या घरातली. लग्न होऊन वसई गावात आले आणि नोकरी चर्चगेटला केली. सगळी नोकरी हिशेब खात्यात, म्हणजे दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेली. त्यामुळे घरखर्चात काटकसर कशी करावी हे कुणी सांगू लागलं की मला पहिली शंका येते ती नोंदीची. पैसे वाचले हे ठीक, पण ते कुठल्या खात्यातून वळते केले? पैसे वाचले तर वेळ कुणाचा गेला? वेळ वाचला तर किंमत कुणी मोजली? आमच्या तालुक्यात घर चालवण्याच्या ज्या ज्या तऱ्हा होऊन गेल्या, त्यांना हेच प्रश्न विचारत मी हा लेख लिहिते आहे.

आगोटीत पैसे वाचायचे, यात वाद नाही. कारण सरळ होतं. जिन्नस ज्या वेळी निघतो त्याच वेळी घ्यायचा. भात दिवाळीच्या मागेपुढे कापून मळून व्हायचं. वाल त्याच खाचरांत उरलेल्या ओलीवर यायचे आणि शिमग्याच्या सुमारास घरात पडायचे. मिठागरांत मीठ उन्हाळाभर निघायचं. बोंबील दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यावर सुकायला लागायचे ते पाऊस येईपर्यंत. प्रत्येकाचा भाव त्या त्या वेळी सगळ्यात खाली असतो. पाऊस लागला की पारडं फिरायचं. खाडी आणि नाले भरायचे, वाड्यांमधल्या वाटा चिखलात जायच्या, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या. आता मासेमारीवर सरकारी बंदीच आहे, 1 जून ते 31 जुलै. पूर्वी कोळी मंडळी नारळी पौर्णिमेपर्यंत आपणहून दर्यावर जात नसत. अशा दिवसांत घरात सामान नसेल तर वाणी सांगेल तो भाव.

सुक्या मासळीची खरेदी आमच्याकडे आजीच्या हातात होती. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव इथल्या कोळीवाड्यांत बांबूंच्या वलांड्या उभ्या असत आणि दोरीवर बोंबील टांगलेले असत, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीने. तिथून टोपलीत घालून कोळणी गावोगाव यायच्या. भाताच्या हंगामात पैशांचं काम पडायचं नाही. भाताच्या मापाला सुक्याचं माप असा सौदा व्हायचा. आजी टोपलीसमोर बसायची, बोंबील शेपटीपाशी धरून वाकवायची. काडकन मोडला तर घ्यायचा, वाकला तर टोपलीत परत. वाकणाऱ्या बोंबलात ओल असते आणि आषाढात त्याच्यावर बुरशी चढते. सोडे ती दाताखाली धरून पाहायची, जवळा मुठीत घेऊन सोडायची. हाताला रेती लागली तर भाव पाडायची. घेतलेलं सगळं पुन्हा दोन उन्हं दाखवून, बोंबलांची डोकी आणि पर काढून, पत्र्याच्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवायचं. डबा उघडायचा तर पाऊस उघडलेला असताना आणि कोरड्या हातानेच.

तांदळाची तऱ्हा निराळी. कणगीत भरण्याआधी तो उन्हात वाळवायचा, निवडायचा आणि थोड्या एरंडेलाने चोळायचा. तेल हाताला लावून, दाणा न् दाणा नुसता ओशट होईल इतकंच. जास्त झालं तर भाताला वास येतो, कमी झालं तर श्रावणात पोरकिडे. कडुनिंबाचा पाला तळाला आणि वर. वाल-मुगाला चुलीतली चाळलेली राख. पुढे बोरिक पावडर आली, पाऱ्याच्या टिकड्या आल्या, पण चोळायचं काम हाताचंच राहिलं.

शेजारच्या ख्रिस्ती घरांत याच दिवसांत बाटलीचा मसाला व्हायचा. मिरच्या, हळद, धणे आणि वीसेक जिन्नस वेगवेगळे भाजून, लाकडी उखळात दोघी-तिघींनी मिळून मुसळाने कुटायचे. मग तो मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून, बूच मारून वर्षभर ठेवायचा. कुटायला पाड्यांवरच्या बायका यायच्या. त्या घरोघर फिरायच्या, त्यांचा हंगामही होळी ते मृग एवढाच. मजुरी बहुतेक धान्यात. मिरचीचा खकाणा उडून त्यांचे डोळे लाल झालेले मी पाहिले आहेत.

आता तपासणीची पेन्सिल लावू. आगोटीत खरेदी एकदा व्हायची, म्हणून बाजारात जाण्याचा वेळ वाचायचा. हा वाचलेला वेळ बहुतेक पुरुषमाणसांचा. ते एकदा बैलगाडी जुंपत, पोती उतरवत आणि मोकळे होत. वाळवणं, निवडणं, चोळणं, कुटणं, राखण करणं हे सगळं घरातल्या सुना, मुली आणि पाड्यावरच्या बायका करत. घरच्या हिशेबाच्या वहीत मिठाच्या पोत्याची किंमत आहे, मिरचीची आहे. आईच्या दोन महिन्यांच्या दुपारांची नोंद कुठल्याही वहीत नाही. म्हणून आगोट स्वस्त दिसते. ती स्वस्त होतीही, पण दिसते तेवढी नव्हती.

ज्यांच्याकडे एकरकमी पैसे किंवा भात नव्हतं, त्यांना आगोट परवडायची नाही. त्यांच्यासाठी वाण्याची वही होती. आमच्या गावांतले वाणी बहुतेक गुजराती आणि मारवाडी. पोराच्या हाती चिठ्ठी पाठवली की कागदाच्या पुड्या दोऱ्याने बांधून यायच्या आणि रक्कम वहीत चढायची. केळीचे घड विकले गेले, भाजीचे पैसे आले, की हिशेब चुकता. हाताशी पैसा नसताना चूल पेटती ठेवण्याची ही सोय होती, आणि वेळेच्या दृष्टीने याहून सुटसुटीत पद्धत आजवर निघालेली नाही. दुकान दारात, ओळख पिढीजात, पैसे मागाहून. पण उधारीचं व्याज वेगळं लिहिलेलं नसायचं, ते भावातच मिसळलेलं असायचं. ज्याचं खातं थकलेलं त्याला मालाबद्दल तक्रार करायची सोय नसे. 1957 साली नवे पैसे आले, पुढच्या काही वर्षांत शेर-पायली जाऊन किलो आला. आजीला त्या काळात वाण्याच्या दुकानी जाताना कुणीतरी शिकलेलं माणूस बरोबर लागायचं. आण्याचे पैसे करताना आणि शेराचे किलो करताना नेमकं कुणाच्या बाजूला उरतं, याची तिला खात्री नव्हती.

रेशन ही तिसरी तऱ्हा. मुंबईत रेशनिंग सुरू झालं 1943 साली, दुसऱ्या महायुद्धात. पुढे टंचाईच्या वर्षांत ते गावोगाव पोचलं आणि 1960-70 च्या दशकांत घरातलं सगळ्यात जपून ठेवायचं कागदपत्र म्हणजे रेशनकार्ड झालं. 1972 च्या दुष्काळानंतर अमेरिकेतून आलेला लाल मिलो दुकानात आला. तांदूळ खाणाऱ्या आमच्या घरात त्याच्या भाकरीला कुणी नाव ठेवायचं नाही असा आईचा दंडक होता. तो ताटात पडला की आम्ही मुलं एकमेकांकडे पाहायचो. त्याच 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी बायकांनी मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी हातात घेऊन मोर्चे काढले. स्वयंपाकघरातला हिशेब रस्त्यावर मांडायची ती गोष्ट आमच्याकडे वर्तमानपत्रातून आणि गाडीतून येणाऱ्या माणसांच्या तोंडून पोचली. आमच्या आळीतल्या बायका एरवी राजकारणावर बोलत नसत. त्या आठवड्यात विहिरीवर दुसरा विषय नव्हता.

रेशनचा भाव कमी, यात शंका नाही. पण तो भाव रांगेत उभं राहून मिळायचा. माल आल्याची बातमी फिरली की शाळकरी पोरीला पिशवी देऊन पाठवायचं. ती पोर मी होते. रांगेत पिशवी ठेवून जागा धरता यायची, रॉकेलच्या रांगेत डबा. साखर आली तर तांदूळ संपलेला, तांदूळ आला तर दुकान बंद. कामावर जाणाऱ्या माणसाला हा वेळ काढणं जमायचं नाही, म्हणून रेशन आणायचं काम घरात ज्याच्या वेळेला किंमत नाही त्याच्याकडे जायचं. म्हणजे म्हाताऱ्या आणि मुली. 1999 पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी अशी तीन रंगांची कार्डं आली आणि आमचं कार्ड नुसतं पत्त्याचा पुरावा म्हणून उरलं. ज्यांना धान्य मिळतं त्यांच्या घरी आजही ते मोलाचं आहे. 2022 च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल मिळालं, तेव्हा माझ्याकडे कामाला येणारी बाई रजा घेऊनच रांगेत गेली. त्या दिवसाचा रोज त्या 100 रुपयांत धरलेला नाही.

वसईचं स्वयंपाकघर सगळ्यात जास्त बदललं ते रेल्वेने. विरारहून मुंबईला पहिली लोकल गेली 12 एप्रिल 1867 रोजी. 1936 मध्ये विजेच्या गाड्या विरारपर्यंत आल्या. आधी गाडीने आमचा माल नेला. केळी, विड्याची पानं, भाजी, फुलं, आगाशीची सुकेळी. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन बायका दादरला आणि उपनगरांत जायच्या, दारोदार विकायच्या. मग गाडीने माणसं न्यायला सुरुवात केली आणि विकणाऱ्यांच्या मुली विकत घेणाऱ्या झाल्या. मी त्यांतलीच. संध्याकाळी दादरला उतरून, भाजी घेऊन, पुढची विरार पकडायची. कधीकधी त्या भाजीवाल्याकडची पालेभाजी वसईचीच असायची. पहाटे आमच्या गावातून गेली, रात्री माझ्या पिशवीतून परत आली, दोन्ही वेळचं भाडं धरून.

बायकांच्या डब्यात मात्र वेळ वसूल व्हायचा. चर्चगेट ते वसई एवढ्या वेळात मेथी निवडून व्हायची, वाटाणे सोलून व्हायचे, गवार मोडून व्हायची. देठं वर्तमानपत्रात गुंडाळायची, भाजी पिशवीत. घरी गेल्यावर फक्त फोडणी. 1992 साली पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी फक्त बायकांची गाडी सुरू केली आणि नंतर ती विरारपर्यंत आणली. तेव्हा आम्हाला बसायला जागा मिळाली, म्हणजे निवडायला मांडी मिळाली. डब्यातच भिशी चालायची. मशीद बंदरला जाणारी एक बाई सगळ्यांसाठी जिरं-मिरी आणायची, लालबागला जाणारी दुसरी मिरच्यांचा भाव सांगायची. कुणाच्या ऑफिसजवळ काय स्वस्त, याची बित्तंबातमी अंधेरी यायच्या आत डबाभर झालेली असायची. लोक या दृश्याचं कौतुक करतात, छायाचित्रं काढतात. मला त्यात एक हिशेब दिसतो. गाडीतला तो तास-दीड तास विश्रांतीचा होता. आम्ही तो स्वयंपाकघराला दिला.

या सगळ्यांत वेळ आणि पैसा दोन्ही खरोखर वाचवणारी एकच तऱ्हा मी पाहिली, ती ग्राहक पंचायतीची. सहकारी भांडारं आधीपासून होती. अपना बाजार 1948 साली नायगावात सुरू झालं होतं, आमचं नायगाव नव्हे, मुंबईतलं. पण भांडारातही आपणच जावं लागतं आणि आपणच पिशवी उचलावी लागते. मुंबई ग्राहक पंचायत 1975 च्या गुढीपाडव्याला स्थापन झाली. बिंदुमाधव जोशी तिचे प्रवर्तक. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांच्याबरोबर होते. कल्पना अगदी साधी. जवळपासच्या काही कुटुंबांनी संघ करायचा. महिनाभर आधी प्रत्येकाने यादी भरायची आणि पैसे जमा करायचे. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घ्यायचा आणि टेंपोने प्रत्येक संघातल्या एका घरी उतरवायचा. तिथे सगळ्यांनी जमून तो वाटून न्यायचा. दुकान नाही, काउंटर नाही, जाहिरात नाही, उधारी नाही.

आमचा वाटपाचा दिवस मला अजून आवडतो. ज्या घरी माल उतरायचा त्या घरच्या हॉलमधलं फर्निचर भिंतीला लागायचं. तूरडाळ एका कोपऱ्यात, साखर दुसऱ्या, साबणं खिडकीत. एकीने यादी वाचायची, दुसरीने मोजून द्यायचं, तिसरीने खूण करायची. काम पाळीपाळीने, घरही पाळीपाळीने. डाळ बरी नसेल तर ती कुणा दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता तक्रार म्हणून लिहून वर जायची. यादी महिनाभर आधी भरायची म्हणजे घरात काय लागतं हे आधी डोक्यात मांडावं लागतं, आणि खरं सांगायचं तर अर्धी बचत त्या मांडण्यातच होते. समोर दिसलं म्हणून घेतलं, हा प्रकारच बंद. शिवाय इथे मजुरी लपलेली नव्हती. ती ज्याची त्याला दिसत होती आणि पाळी आली की प्रत्येकीच्या वाट्याला येत होती. कुणी पाळी चुकवली तर सगळ्यांसमोर विचारलं जायचं.

तरी या पद्धतीलाही एक अट आहे: शेजारी टिकून राहावे लागतात. आमच्याकडे नेमकं तेच मोडलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामांना खुला होऊ लागला. वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने जायला लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध मोठं आंदोलन उभं केलं. लोक त्याला पर्यावरणाचं आंदोलन म्हणतात आणि ते होतंच. माझ्या दृष्टीने ते वाणसामानाचंही होतं. वाडी गेली की दारात येणारी भाजी जाते, भात गेलं की आगोटीचा तांदूळ जातो, मग सगळं दुकानातून आणावं लागतं. 2009 मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांच्या वर होती. इतक्या माणसांना बाटलीचा मसाला कुटून पुरणार नव्हता. तोवर देशात मोठी सवलतीची दुकानं आली होती, पवईला पहिलं डी-मार्ट 2002 साली. पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणं 1990 नंतर सक्तीचं झालं होतं, म्हणून या दुकानांना ‘छापील किमतीपेक्षा कमी’ असं सांगता येतं. भाव खरंच कमी असतो. रविवारची रांग मात्र रेशनच्या रांगेची आठवण करून देते. फरक इतकाच की इथे एसी आहे आणि रांगेत उभं असताना हाताशी चॉकलेटं ठेवलेली असतात.

2020 च्या टाळेबंदीत पुन्हा एकदा जुनं सगळं नव्याने झालं. सोसायट्यांनी एकत्र याद्या केल्या, शेतकऱ्यांचे टेंपो थेट फाटकात आले, जिन्यात वाटप झालं. एरवी एकमेकांना ओळखत नसलेली माणसं कांद्याच्या गोणीभोवती उभी राहून बोलू लागली. दुकानं उघडली आणि बहुतेक ठिकाणी ते थांबलं. आता फोनवर दहा मिनिटांत कोथिंबीर येते. वेळ वाचतो, पण तो माझा. जिना चढून येणाऱ्या मुलाचा धरला तर हिशेब जुळत नाही, आणि आणायला जड नाही म्हणून दिवसातून तीनदा मागवलं तर पैशांचाही जुळत नाही.

एवढा इतिहास चाळून माझ्या हाती जे लागलं ते फारसं नवीन नाही. जिन्नस निघतो तेव्हा घ्यावा, यादी आधी करावी, चारचौघांबरोबर घ्यावा. या तीन गोष्टींनी पैसेही वाचतात आणि वेळही. म्हणून मी वर्षाचा तांदूळ आजही हंगामात घेते, सुकं मे महिन्यात वसईतल्या पापडी गावच्या बाजारातून, वाकवून बघून. मसाला आम्ही बहिणी मिळून डंकावर कुटून घेतो आणि कुटाईचे पैसे वहीत लिहितो. बाकी सामान महिन्याच्या यादीने. पण चौथी गोष्ट आजीच्या, आईच्या वहीत नव्हती, ती मी मुद्दाम लिहिली आहे: कोणतं काम कुणाकडे. त्या रकान्याप्रमाणे तांदळाला एरंडेल चोळायचं काम आमच्याकडे मुलाचं आहे. पहिल्या वर्षी त्याने कुरकुर केली, दुसऱ्या वर्षी मोबाईलवर गाणी लावून चोळलं, आणि आता तेल किती घ्यायचं यावरून तो मलाच शिकवतो.